निशाणी अंगठा

'मयत' हा शब्द घरात कोणी उच्चारीत नाही. घरात माणूस जातो, वारतो, देवाघरी जातो. पत्रिका छापायची वेळ आली तर कैलासवासी होतो. मयत मात्र तो केवळ कागदावरच होतो. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर, तलाठ्याच्या पंचनाम्यात, पतसंस्थेच्या नोटिशीत. 'मयत कर्जदार नामे अमुक यांचे कायदेशीर वारस' असा मजकूर आम्ही प्रथम वाचला तेव्हा त्यातला एकही मुख्य शब्द मूळचा आपला नाही, हे लक्षात येण्याइतके मन थाऱ्यावर नव्हते. मयत, कर्ज, वारस, जामीन, तारण यांतला एक 'तारण' सोडला तर बाकीचे सगळे अरबीतून फारसीमार्गे आपल्या दफ्तरात आले आणि तिथेच राहिले. संस्कृताकडून आलेला 'ऋण' हा शब्द आपण देवासाठी, ऋषींसाठी आणि पितरांसाठी राखून ठेवला आहे. ऋण फेडायचे असते, कर्ज वसूल व्हायचे असते. या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत आम्ही जवळजवळ दोन वर्षे काढली. त्याची ही हकीकत.

'आम्ही' म्हणजे मागे उरलेल्या दोघी, सासू आणि सून. लिहिणारा हात धाकटीचा आहे, पण स्मरण आणि मत दोघींचे आहे; जिथे मतभेद आहे तिथे तसे सांगू. जो गेला तो एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा. धाकटीने लग्नातल्या उखाण्यानंतर त्याचे नाव सहसा घेतले नाही, 'हे' म्हणूनच काम भागले. पुढे अर्जामागून अर्ज करताना तेच नाव वडिलांच्या नावासह, आडनावासह, 'मयत' हे बिरुद पुढे लावून पन्नासदा लिहावे लागले. इथेही ते लिहिणार नाही.

आमचे घर चिंचणीला, कौलारू, मागे दोन चिकू आणि एक विहीर. ते बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात पाळीवर काम करीत आणि उरलेल्या वेळात घरच्या पडवीत डाय कोरीत. चिंचणी, वरोर, वाणगाव या पट्ट्यात दागिन्यांचे साचे कोरण्याचा हा धंदा घरोघर चालतो. मुंबईच्या सराफ बाजारातल्या कित्येक डौलदार नक्षींचा जन्म आमच्यासारख्यांच्या पडवीत, चाळीस वॉटच्या दिव्याखाली होतो, हे दागिने घालणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. असो. २०१६ साली त्यांनी पडवीतल्या यंत्रासाठी एका पतसंस्थेकडून दीड लाख रुपये कर्ज घेतले. ते आम्हांला माहीत होते. दरमहा चार हजारांचा हप्ता होता आणि पासबुक देवघराच्या फळीवर असे. ऑगस्ट २०१९ मध्ये, ऐन पावसात, रात्रपाळीहून परतताना त्यांच्या छातीत कळ आली आणि पालघरच्या रुग्णालयापर्यंत पोहोचण्याआधीच सगळे आटोपले.

नोव्हेंबरात संस्थेचे पत्र आले. येणे बाकी पाच लाख सत्तावीस हजार. आम्ही पासबुक काढून पाहिले. त्यात जुलैअखेर बाकी होती अडतीस हजार चारशे. चौकशीला गेल्यावर कळले की ही बाकी त्या कर्जाची नाहीच. १२ मार्च २०१८ रोजी त्यांनी म्हणे चार लाखांचे नवे कर्ज घेतले होते, त्यातून जुन्याची एक्क्याण्णव हजारांची बाकी भागवली, आणि उरलेले तीन लाख नऊ हजार रोख नेले. या प्रकाराला सहकाराच्या बोलीत 'नवे-जुने' म्हणतात. फार सुंदर शब्द आहे. एखाद्या समीक्षाग्रंथाचे नाव शोभावे असा. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की थकलेले जुने कर्ज नव्याच्या पोटात घालून दोन्ही बाजूंनी वर्षभर श्वास घ्यायचा. आणि या नव्या कर्जाला जामीनदार कोण? तर आमच्यापैकी थोरली. करारनाम्याच्या शेवटच्या पानावर तिच्या नावापुढे लिहिले होते, 'निशाणी अंगठा'. वर जांभळ्या शाईतला, ठसठशीत, एकेक रेष मोजून घ्यावी असा ठसा.

इथे थोडे कायद्याकडे वळणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यावर फिरते. मेलेल्याचे कर्ज त्याच्या वारसांच्या अंगावर जात नाही. ते त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेची ५० आणि ५२ ही कलमे हेच सांगतात, की मृताची जेवढी मिळकत वारसाच्या हाती आली तेवढ्यापुरताच तो जबाबदार. हे आज साधे वाटते, पण आपल्या मुंबई इलाख्यात ते कायद्याने मुद्दाम आणावे लागले. पित्याचे ऋण पुत्राने फेडलेच पाहिजे, वारसा मिळो वा न मिळो, हा धर्मशास्त्राचा नियम इथल्या न्यायालयांनी इतर प्रांतांहून अधिक कडकपणे धरला होता; त्यावर १८६६ साली मुंबई सरकारने हिंदू वारसांना मोकळीक देणारा कायदा केला. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती: विधवेशी पुनर्विवाह करणाऱ्यावर तिच्या पहिल्या नवऱ्याचे कर्ज येणार नाही. स्मृतिकारांनी ऋण कोणाकडून घ्यावे याचा क्रम लावताना रिक्थ घेणाऱ्याच्या शेजारीच मृताची स्त्री घेणाऱ्याला बसवले होते, म्हणून हे कलम घालावे लागले. स्त्री आणि मिळकत एका ओळीत मोजणाऱ्या त्या स्मृतींनी खुद्द पत्नीला मात्र बरेच सोडले आहे, हेही सांगितले पाहिजे. याज्ञवल्क्याच्या मते नवऱ्याचे कर्ज बायकोने फेडायचे ते तिने स्वतः कबूल केले असेल, त्याच्याबरोबर मिळून काढले असेल किंवा स्वतःच केले असेल तरच. पुत्राच्या डोक्यावरचा तो धार्मिक बोजा अखेर ९ सप्टेंबर २००५ पासून, हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने, नव्या कर्जांपुरता उतरला.

तेव्हा वारस म्हणून आम्हांला फारशी भीती नव्हती. त्यांच्या नावावर मोटारसायकल, पडवीतले यंत्र आणि बचतखात्यात थोडी रक्कम, एवढेच होते. कारखान्याकडून मिळालेला भविष्यनिर्वाह निधी तर त्या वेळी लागू असलेल्या १९५२ च्या कायद्याच्या १० व्या कलमाने मृताच्या देण्यांतून मुक्तच ठरवला होता. वसुलीचा माणूस 'ताई, फंडाचे पैसे आले की भरून टाका' असे दोनदा सांगून गेला. त्याला हे कलम ठाऊक नसेल असे मानायला आम्ही तयार नाही. आयुर्विम्याची एखादी पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली बायकोच्या नावे काढलेली असती तर तिलाही सावकाराचा हात लागला नसता, पण तशी काढायला विमा प्रतिनिधी कुणाला सांगतो?

भीती होती ती जामिनाची. जामीनदार हा वारस नसतो, तो स्वतः देणेकरी असतो. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाने त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जदार मेला म्हणून जामीनदार सुटत नाही. आणि चिंचणीचे घर थोरलीच्या नावावर आहे. म्हणजे विहीर, चिकू, पडवी आणि डोक्यावरचे छप्पर, सगळे त्या जांभळ्या ठशाला बांधले गेले होते.

थोरलीला अंगठा दाखवला तेव्हा ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मी सही करते."

हे समजायला तिचा थोडा इतिहास सांगावा लागेल. ती शाळेत गेली नाही. लग्नानंतर भाताची लावणी, वाणगावच्या वाड्यांतली मिरचीची तोडणी, घरची गुरे, यांत पंचेचाळिशी आली. १९९० च्या दशकात गावात साक्षरता वर्ग निघाले, तेव्हा ती कंदील घेऊन जाऊ लागली. तिथे जे शिकवीत ते घरी येऊन मुलाकडून गिरवून घेई. मुलगा तेव्हा सातवी-आठवीत. नावातले एक जोडाक्षर तिला महिनाभर छळत होते. त्याने ते पाटीवर मोठे काढून तिच्याकडून शंभरदा घोटून घेतले. त्या दिवसापासून तिने कुठेही अंगठा दिलेला नाही. बँकेत, शिधापत्रिकेवर, ग्रामसभेच्या वहीत, नातवंडांच्या शाळेच्या कागदावर, सगळीकडे सही. प्रत्येक सहीला तिला मिनिटभर लागते आणि रांगेतली माणसे मागून चुळबुळ करतात, तिला त्याचे काही नसते. अंगठा ती अलीकडे एकाच ठिकाणी देते, शिधावाटप दुकानातल्या यंत्रावर, आणि तेही निरुपायाने. तिथे गंमत अशी, की यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही. मिरचीने, चिखलाने आणि राखेने भांडी घासण्याने तिच्या बोटांच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की चार-चार वेळा दाबूनही यंत्र नकार देते. आणि करारनाम्यावरचा ठसा पाहावा तर एखाद्या तरुण कारकुनाचा वाटावा असा लखलखीत!

गावात आमच्या मागे कुजबुज सुरू झाली होती. वर्षश्राद्धही झाले नाही आणि या बायका कर्ज नाकारायला निघाल्या, मेलेल्याच्या डोक्यावर ओझे ठेवणार, त्याला गती कशी मिळणार, इत्यादी. हे बोलणारे वाईट लोक नव्हते. आमच्याकडे कर्ज बुडवणे हे चोरीहून हलके मानत नाहीत. एका नातेवाइकाने तर घर गहाण टाकून पैसे भरा, मी व्याज देतो, असे मनापासून सांगितले. थोरलीने त्याला दिलेले उत्तर आम्ही पुढे प्रत्येक अर्जाचा कणा केले: "त्याने घेतलं असेल ते पैन् पै देऊ. न घेतलेलं फेडलं तर तो खोटा ठरेल."

या तालुक्यांत खोट्या-खऱ्या कर्जाचा इतिहास फार जुना आहे, आणि त्यात अंगठ्याची जागा मध्यवर्ती आहे. डहाणू, तलासरी, उंबरगावच्या वारल्यांत सावकार-जमीनदार लग्नासाठी पैसे देई आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. शंभर-दोनशे रुपयांचे ते कर्ज कधी फिटत नसे, कारण हिशेब ज्याच्या वहीत असे त्यालाच तेवढा वाचता येई. गडी मेला तरी वही मरत नसे. १९४५ मध्ये झरीला जमलेल्या वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत नाकारली, त्याची हकीकत गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहे. १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले ते पुस्तक आपण आत्मकथन म्हणून वाचतो, पण ते तितकेच हिशेबाच्या वह्यांविषयीचे पुस्तक आहे. पुढे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने, वारसाने अंगावर आलेल्या देण्यापोटी राबणेही वेठबिगारीतच मोडते असे स्पष्ट केले.

घाटावर याच्याही आधी, १२ मे १८७५ रोजी सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्या गाठल्या आणि कर्जखते काढून जाळली. तो दंगा पुणे-नगरकडे पसरला, पण रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. त्यावर नेमलेल्या चौकशीनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, आणि त्याने न्यायाधीशाला एक विलक्षण अधिकार दिला: खतावर लिहिलेल्या आकड्यापाशी न थांबता त्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासण्याचा. शिवाय शेतकऱ्याने खत करायचे तर गावच्या निबंधकासमोर करावे, म्हणजे त्यात काय लिहिले आहे ते त्याला वाचून दाखवले जाईल. सही करणाऱ्याला कागद वाचता येत नाही, हे गृहीत धरून केलेला हा कायदा होता.

सही न येणारे त्या काळी काय करीत? जुन्या महजरांत पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो, 'निशाणी नांगर'. इतर बलुतेदारांच्या नावापुढे त्यांच्या त्यांच्या हत्यारांची चित्रे. ती निशाणी धंद्याची असे, व्यक्तीची नव्हे. गावच्या साक्षीने ती खरी ठरे. अंगठा नंतरचा. १८५८ साली बंगालात विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीच्या ठेक्यावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या सबंध हाताचा ठसा घेतला. हेतू इतकाच, की उद्या त्याने सही आपली नाही म्हणू नये. त्यातून पुढे बोटांच्या ठशांचे सारे शास्त्र उभे राहिले आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. म्हणजे अंगठा हा निरक्षराचा कमीपणा म्हणून आपण पाहतो, पण पुराव्याच्या बाजारात तो सहीहून भारी आहे. सही वळवता येते, रेषा वळवता येत नाहीत. हे आम्हांला उशिरा उमगले, आणि उमगल्यावर आम्ही अंगठ्यापासून पळणे सोडून त्याच्याकडेच बोट दाखवू लागलो.

आधी मात्र कागद मिळवायचे होते. संस्थेने आम्हांला करारनाम्याचे शेवटचे पान लांबून दाखवले होते, प्रत देण्यास नकार दिला. माहिती अधिकाराचा अर्ज करावा म्हटले, तर २०१३ च्या थलप्पलम निकालाने सहकारी संस्था त्या कायद्याच्या साधारण कक्षेबाहेर ठेवलेल्या. तेव्हा एका निवृत्त सहकार अधिकाऱ्याने वाट सुचवली. जामीनदार व्हायला संस्थेचा सभासद असावे लागते. म्हणजे थोरलीला त्यांनी केव्हातरी, तिच्या नकळत, सभासद करून घेतले असणार. आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ३२ व्या कलमाने सभासदाला आपल्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा आणि प्रती मागण्याचा हक्क आहे. थोरलीने अर्ज दिला: 'मी आपली सभासद असल्याचे आपल्या पत्रावरून मला समजले. तरी सभासद या नात्याने…' या वाक्यावर आम्ही दोघी त्या काळात प्रथमच हसलो. अर्जाखाली तिने सही केली, सावकाश, जोडाक्षरासकट.

प्रती मिळाल्या आणि आम्ही त्या पडवीत, डाय तपासायच्या भिंगाखाली धरल्या. करारनामा शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, दिनांक १२ मार्च २०१८. मुद्रांकाच्या पाठीवर विक्रेता आपला अनुक्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याचे नाव लिहितो. तिथे तारीख होती ४ जून २०१८ आणि नाव भलत्याच कुणाचे. करार झाला तेव्हा ज्या कागदावर तो झाला तो कागद विकलाच गेलेला नव्हता. दुसरे, पासबुक. नव्या कर्जातून जुने मार्च २०१८ मध्ये भागले असेल, तर त्याच जुन्या खात्यावर एप्रिल २०१८ पासून जुलै २०१९ पर्यंत चार हजारांचे सोळा हप्ते संस्थेने कशासाठी जमा करून घेतले, आणि दर हप्त्याला शिक्का कशासाठी मारला? तिसरे, तीन लाख नऊ हजार रोख. आयकर कायदा त्या वेळी वीस हजार आणि त्यावरचे कर्ज रोखीने घेण्यास मनाई करीत होता; बँकांना त्यातून सूट होती, पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. चौथा अंगठा.

आणि पाचवा कागद होता रोख दिल्याच्या पावतीचा, एक रुपयाच्या महसुली तिकिटावर आडवी सही. ती सही त्यांचीच होती. निदान आमच्यापैकी कुणालाही ती त्यांची नाही असे म्हणता आले नाही.

जानेवारी २०२० मध्ये १०१ ची नोटीस आली. ज्यांचा सहकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी: या कलमाखाली निबंधक थोडक्यात चौकशी करून वसुली दाखला देतात, आणि तो दाखला मिळाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. एकदा दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध वर जायचे तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून जे सांगायचे ते दाखल्यापूर्वीच सांगितले पाहिजे. आम्ही वकिलांकडून लेखी हरकत दिली. दोन गोष्टींची काळजी घेतली, त्या इथे नोंदवतो, कारण कुणाला उपयोगी पडतील. एक म्हणजे मधल्या काळात वसुलीचा माणूस 'नुसती पोच द्या' म्हणून जो कागद पुढे करी, त्यावर सही केली नाही. मुदत कायद्याच्या १८ व्या कलमाने कर्जाची लेखी कबुली दिली की मुदत नव्याने सुरू होते, आणि अशी कबुली बहुधा पोचपावतीच्याच वेषात येते. दुसरे, त्या कर्जखात्यात सदिच्छा म्हणूनही एक रुपया भरला नाही. जुन्या खात्यात भरायला गेलो, ते त्यांनी घेतले नाही.

पहिली सुनावणी फेब्रुवारीत झाली, पुढची मार्चअखेरची तारीख टाळेबंदीत बुडाली. आम्हांला वाट पाहायची सवय झाली होती. पोफरण-अक्करपट्टीची माणसे अणुशक्ती केंद्राच्या विस्तारासाठी उठली, त्यांतल्या काहींचे कागद आमच्या शेजारी किती वर्षे कचेऱ्यांतून फिरत होते ते पाहिलेले होते. वर्षअखेर पुन्हा बोलावणे आले. पालघरला मुखपट्ट्या लावून आम्ही बाकावर बसलो. अधिकाऱ्यांनी थोरलीला पुढे बोलावले आणि हजेरीच्या कागदावर सही की अंगठा, असे सवयीने विचारून शाईची डबी सरकवली. तिने डबी बाजूला केली. पेन मागितले. संस्थेचा प्रतिनिधी, दोन्ही वकील, कारकून, सगळे तिच्या हाताकडे पाहत राहिले. जोडाक्षरापाशी ती नेहमीप्रमाणे थांबली, मग पुढे गेली. कुणी चुळबुळ केली नाही.

नंतर आमच्या वकिलांनी एवढेच मागितले, की मूळ करारनामा हजर करावा आणि त्यावरचा अंगठा तज्ज्ञांकडून ताडून घ्यावा. आजी आत्ता, इथेच, दहाही बोटांचे ठसे द्यायला तयार आहेत. संस्थेने मुदत मागितली. पुढच्या तारखेलाही मुदत मागितली. त्यानंतरच्या तारखेला त्यांनी नव्या कर्जापुरता अर्ज मागे घेत असल्याचे लिहून दिले आणि जुन्या खात्यावरची बाकी व्याजासह मान्य करावी अशी विनंती केली. ती आम्हांला मुळापासूनच मान्य होती.

तो अंगठा कुणाचा, हे आम्हांला आजवर कळलेले नाही. ते शोधायचे तर फौजदारी तक्रार करावी लागली असती, आणि इथे आमच्यात एकमत झाले नाही. धाकटीला तक्रार हवी होती, थोरलीला नको होती. कारण तो पाचवा कागद. तिकिटावरची सही खरी असेल, तर त्याचे दोन अर्थ होतात. एक असा, की २०१६ मध्येच कर्ज घेताना त्यांच्याकडून कोऱ्या नमुन्यांवर, पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागी, सह्या घेऊन ठेवल्या होत्या. हे सर्रास चालते, आणि पावतीच्या छापील नमुन्याच्या तळाशी छापखान्याने दिलेले साल २०१६ होते हे आमच्या बाजूचे. दुसरा अर्थ असा, की त्यांनी ते पैसे खरोखर नेले, कुणासाठी आणि कशासाठी ते आम्हांला सांगितले नाही, आणि आईच्या जागी दुसऱ्या कुणाचा अंगठा उमटताना ते तिथे उभे होते. कागद खोटा ठरवायला निघालेल्याला ही शक्यता टाळता येत नाही. संस्थेच्या विरुद्ध आम्ही उभा केलेला प्रत्येक पुरावा थोडा थोडा त्यांच्यावरही रोखलेला होता, आणि त्यांना विचारायची सोय नव्हती. धाकटीने कित्येक रात्री पडवीतले खण, जुने मोबाइल, पाकिटांचे कप्पे उलटेपालटे केले. तीन लाखांचा माग कुठेच नाही. नवे यंत्र नाही, दागिना नाही, कुणाला दिल्याची चिठ्ठी नाही. नसण्याने काही सिद्ध होत नाही, हे आता वकिलांच्या सहवासाने तिला कळते.

थोरलीचा निकाल केव्हाच झाला आहे. ज्याने पाटीवर माझे जोडाक्षर काढून दिले तो माझ्या नावापुढे अंगठा कसा लावू देईल, असे ती म्हणते. खोटे करायचेच असते तर त्याने माझी सही केली असती. त्याच्याइतकी माझी सही कुणाला येते? तर्क म्हणून हा बिनतोड आहे. धाकटीने तो मान्य केला आहे, निदान तसे सांगितले आहे.

मार्च २०२१ मध्ये आम्ही जुन्या खात्याची बाकी व्याजासह भरली. रक्कम त्यांच्याच बचतखात्यातून दिली, म्हणजे त्यांचे त्यांनीच फेडले. बेबाकी दाखला मागितला तर तो द्यायला संस्थेला आणखी दीड महिना लागला. त्यावर आमचे नाव 'मयत सभासदाचे वारस' असे आहे आणि त्यांच्या नावात एका अक्षराची चूक आहे. थोरलीने आपल्या सभासदत्वाचाही राजीनामा दिला. त्यावर कारकून म्हणाला, "आजी, भागाचे शंभर रुपये परत मिळतील, इथे सही करा." ते शंभर रुपये कुणी भरले होते, हे तिने त्याला विचारले. त्याला सांगता आले नाही. पैसे तिने घेतले नाहीत.